न सापडलेल्या ठोक्याचा सत्कार

माझ्यासारख्याने आठवणी लिहाव्यात असं मी काही केलेलं नाही. आगाऊपणा वाटला तर माफ करा. पण ही गोष्ट चाळीत सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

आम्ही काळाचौकीचे. बाबा परळच्या एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय आहेत आणि घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मॅडमनी मला एक जोडतारा दिला. त्यातला एक तारा प्रचंड, सतत वायू उधळणारा. दुसरा त्या दाट वायूत बुडालेला, स्वतःभोवती फिरणारा पल्सार. त्याच्या प्रत्येक फेरीला क्ष-किरण वाढतात आणि ओसरतात. तो ठोका मला उपग्रहाने केलेल्या नोंदींतून शोधायचा होता. तोपर्यंत तो कुणाला दिसला नव्हता.

मला दिसला. साधारण दीड तासाचा. मॅडमना दाखवण्याआधीच मी बाबांना सांगितलं, आणि बाबांनी गणपती मंडळाला.

दोन दिवसांनी मॅडमनी आलेख पाहिला आणि शांतपणे विचारलं, "हा उपग्रह पृथ्वीभोवती एक फेरी किती वेळात मारतो रे?"

दीड तासात. मी ताऱ्याचा नव्हे, उपग्रहाचाच ठोका मोजला होता.

तोवर नाक्यावर माझ्या फोटोचा बॅनर लागला होता. रविवारच्या सत्काराला नाही म्हणता आलं असतं. पण मी तसं म्हणालो नाही. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, आता याच्या ताऱ्याला आपल्या मंडळाचंच नाव देऊ, वर्गणी मात्र तिथूनही आली पाहिजे. सगळे हसले. मी शाल घेतली, नारळ घेतला. बाबा ड्यूटी बदलून आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते.

खरं सांगायला मला महिना लागला. ऐकून बाबा भिंतीवरच्या सत्काराच्या फोटोकडे बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, "त्या नारळाच्या वड्या आईने अख्ख्या चाळीत वाटल्या रे."

फोटो त्यांनी काढला नाही. मलाही काढवला नाही.

गेल्या आठवड्यात मॅडमचा मेसेज आला. दाट वायू कमी ऊर्जेचे क्ष-किरण गिळून टाकतो, जास्त ऊर्जेचे त्यातून निसटतात. नोंदींत ते मोजकेच होते, म्हणून मी कचरा समजून वगळले होते. माझ्यानंतर आलेल्या विद्यार्थिनीने नेमके तेच तपासले.

"ठोका मिळाला," मॅडमनी लिहिलं होतं. "काही मिनिटांचाच आहे. तुझ्याच फाइलमध्ये होता."