दोनदा वाचलेलं पत्र

‘गँगरीन’ हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वाचला तो बाईच्या ओसरीवर, आणि वाचल्याबरोबर गिळून टाकला.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण. तिचा मुलगा सुदाम पासष्टच्या लढाईत जखमी होऊन उत्तरेकडच्या लष्करी इस्पितळात पडला होता. पत्र तिथल्या नर्सचं, सिस्टर अन्नम्माचं, हिंदीत लिहिलेलं. फुलसावंगीत अर्ध्या गावाची पत्रं मीच वाचत असे. सरळ वाचणं मला कमीपणाचं वाटे. गणपतीतल्या नाटकात मी कायमचा राजा; साध्या ‘खुशाल आहे’चा मी अख्खा प्रवेश करी. बाया डोळ्यांना पदर लावत आणि मला चहा मिळे.

सिस्टरनं लिहिलं होतं, सुदामच्या डाव्या पावलाला गँगरीन झालं आहे. म्हणजे तिथं रक्त पोचत नाही, मांस सडतं आणि ती सड वर चढते. पाय कापावा लागेल. पण सुदाम कागदावर सही करत नाही. आई सांगेल तरच, म्हणतो. ताबडतोब तार करा.

मी वाचलं, पायाला जरासं खरचटलं आहे, सिस्टर फार जपते आणि सुदामला तुझ्या हातच्या अंबाडीच्या भाजीची आठवण येते. तार आपणच परस्पर करू, असं मनात होतं. पण ‘कापा’ हा शब्द लिहायला माझा हात धजेना. तो दिवस तसाच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पत्र घेऊन माझ्या दारात उभी. म्हणाली, परत वाच.

मी झोकात वाचलं. अंबाडीच्या जागी झुणका आला आणि पाय उजवा झाला.

“काल डावा होता, नामा,” बाई म्हणाली. “एका रातीत पाय बदलते काय? नाटक नको करू. जे लिहिलं हाय ते सांग.”

मी शब्दाला शब्द सांगितलं. ती उंबऱ्यावर बसली.

“मले पोरगा पायजे. त्यायले सांग, कापा. अन् मी सांगतलं म्हणून सांग.”

मी एसटीनं पुसदला जाऊन तार केली. मग रोज पोस्टमनच्या वाटेकडे डोळे. त्या दिवसांत मी एकही गोष्ट रंगवून सांगितली नाही, तेव्हा घरच्यांना मीच आजारी वाटलो.

दुसरं पत्र आलं. अँप्युटेशन, म्हणजे अवयव कापून काढण्याचं ऑपरेशन, नीट पार पडलं. ताप उतरला, सुदाम जेवू लागला. शेवटी एकच ओळ होती: डॉक्टर म्हणाले, तार एक दिवस आधी आली असती तर गुडघा वाचला असता.

ही ओळ बाईला वाचता येत नव्हती. मला येत होती. मी ती मोठ्यानं वाचली.

बाई म्हणाली, “परत वाच.”

वाचलं. या वेळी काहीच बदललं नाही.

सुदाम आता लाकडी पायानं शेतात हिंडतो. मी दिसलो की विचारतो, “मामा, सांग पाहू, डावा का उजवा?” हसण्याचं काम माझ्याकडेच असतं.

तुमच्या घरी इस्पितळाचं असं पत्र आलं, तर असेल तसं वाचा. सिस्टर अन्नम्मानं काही न लपवता लिहिलं, म्हणून आमचा पोरगा आहे. तिला मी कधी पाहिलं नाही, पण दर दिवाळीला पत्र टाकतो, अगदी साधं.

गावाची पत्रं अजून मीच वाचतो. बाई मात्र प्रत्येक पत्र दोनदा वाचायला लावते, आणि चहा दुसऱ्या वाचनानंतरच ठेवते.