चिंगी कुणाला भेटली?

भुताखेतांच्या गोष्टी मी नेहमी टाइमपास म्हणून ऐकल्या. त्यामुळे हे लिहिताना मलाच थोडं अवघडल्यासारखं होतंय... पण जे माझ्या डोळ्यांसमोर घडलं तेच सांगते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही सुरतला, पांडेसरात राहायचो. एका ओळीत खोल्या, समोर अरुंद गल्ली. मिस्टर डाईंग मिलमध्ये. घरात सासूबाई, सासरे म्हणजे आप्पा, आणि आप्पांची मांजर — चिंगी.

चिंगी फक्त आप्पांची. मी दूध घालायचे, तरी मला पाहून शेपटी खालीच. नवीन माणूस आलं की कान चपटे करून खाटेखाली. आप्पा आले की मात्र शेपटी सरळ वर, टोक जरासं वाकलेलं, घशातून बारीक ‘म्र्रर्र’... मग त्यांच्या पोटरीला गाल घासायचे, मांडीवर चढून पंजांनी कणीक तिंबल्यासारखं करायचं, आणि शेवटी त्यांच्याकडे बघत सावकाश डोळे मिटायचे. आप्पा म्हणायचे, “ती असे डोळे मिटते ना सूनबाई, म्हणजे तिला आपली भीती नाही.”

एका लग्नासाठी आप्पा एकटेच अमळनेरला निघाले. पोहोचलेच नाहीत. तिकडून शेजारच्या एसटीडी बूथवर फोन आला तेव्हा आम्हाला कळलं. मिस्टरांनी स्टेशनं पालथी घातली, रेल्वे पोलिसांत नाव दिलं. पत्ता नाही. आठवडा उलटून गेला. सासूबाई जेवेनाशा झाल्या. चिंगी दिवसभर उंबऱ्यावर, अंग आखडून बसायची.

त्या दुपारी शेजारच्या जयाबेन आमच्याकडे बसल्या होत्या. अचानक चिंगी उठली. शेपटी वर, टोक वाकलेलं. ‘म्र्रर्र’ करत दाराशी गेली — दारात कुणी नव्हतं. तिने गाल घासला... हवेला. अंगाचा भार टाकून रेलली, जशी आप्पांच्या पोटरीला रेलायची. तशी रेललेली मांजर पडायला हवी होती. ती पडली नाही.

मग ती चालत आप्पांच्या खाटेवर गेली. रिकाम्या गोधडीवर पंजे दाबू लागली. वर बघून सावकाश डोळे मिटले.

जयाबेननी डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. “काका आव्या छे,” त्या हळूच म्हणाल्या. काका आलेत, म्हणजे आप्पा आता या जगात नाहीत, असंच त्यांना म्हणायचं होतं.

सासूबाई मात्र उठून उभ्या राहिल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. “तिना कान देख,” मला म्हणाल्या. “चिंगी घाबरनी नही. जित्ता शेतस त्या.” आप्पा जिवंत आहेत; भूत असतं तर चिंगी बिचकली असती, असं त्यांचं म्हणणं.

खरंच, चिंगीचे कान ताठ, पुढे वळलेले होते. अंगावरचा एक केस उभा नव्हता.

मिस्टर घरी येताच सासूबाईंनी त्यांना सांगितलं, “स्टेशनं पुरे झाली. आता दवाखाने बघ.” ते दुसऱ्याच दिवशी निघाले, आणि त्याच संध्याकाळी नंदुरबारच्या एका दवाखान्यात आप्पा सापडले. पाणी भरायला उतरले होते, चालत्या गाडीत चढताना पडले. डोक्याला मार. पिशवी गाडीबरोबर पुढे गेली, त्यामुळे नाव-गाव कुणालाच माहीत नाही. इतके दिवस बेशुद्ध होते.

नर्सने मिस्टरांना विचारलं, “चिंगी तुमची बहीण का? काल दुपारी शुद्धीवर आले ते तिचंच नाव घेत. म्हणाले, ‘चिंगी, हळू... नखं लागतात गं.’”

आप्पा घरी आले तेव्हा अख्खी गल्ली जमली. सासूबाई त्यांचा हात सोडेनात. चिंगी खाटेवर पडली होती. तिने एकदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा झोपली — सकाळीच भेट झाल्यासारखी.

मी नंतर आप्पांना विचारलं, काही आठवतं का. “सगळीकडे थंडी होती,” म्हणाले. “फक्त मांडीवर ऊब होती. तेवढीच धरून होतो.”

पुढे आप्पा कितीतरी वर्षं आमच्यात होते, नातवंडांना खेळवलं त्यांनी. डॉक्टरांना विचारलं तर ते हसले, योगायोग म्हणाले. असेलही. पण ती मांजर त्या दुपारी कशाला टेकून उभी होती, ते मला आजही सांगता येत नाही.