चिनी टीचरच्या पाया पडताना

काका दोनदा पडले होते. एकदा बाथरूममध्ये, एकदा गराजच्या पायरीवर. दुसऱ्या खेपेला मनगट मोडलं, तेव्हा अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाहून, रेडमंडहून त्यांची मुलगी धावत आली. जाताना म्हणाली, "बाबा, अजून एकदा पडलात तर हे घर विकायचं आणि तुम्ही सीनिअर होममध्ये जायचं. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला येते, तेव्हा फायनल करू."

काका "बरं" म्हणाले. वेस्ट विंडसरमधलं ते घर त्यांनी आणि काकूंनी ऐन उमेदीत घेतलेलं. काकू गेल्या त्याही याच घरात.

मी दिवसभर त्यांच्याकडे कामाला असायची. स्वयंपाक, औषधं, सोबत. नववीत शाळा सुटलेली मी. नणंदेने व्हिसाचे कागद केले म्हणून आम्ही नवराबायको अमेरिकेत आलो. इंग्रजीत कुणी फोनवर बोललं की अजून मी फोन काकांच्या हातात देते. काकांनी मला औषधांच्या बाटल्या वाचायला शिकवल्या, गाडी चालवायला शिकवली. एवढे मोठे इंजिनिअर, पण "तुला काय कळतंय" हे त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. त्यामुळे ते पडतील ही धास्ती त्यांच्यापेक्षा मलाच जास्त. ते उठले की मी उठायची.

डॉक्टरांनी सांगितलं, तोल सुधारायला ताइ ची करा, म्हणजे चिनी कुंगफूचाच संथ प्रकार. लायब्ररीमागच्या हिरवळीवर एक चिनी बाई शिकवायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, माझ्या खांद्याएवढ्या. सगळे त्यांना टीचर म्हणायचे.

काका आले, पण घडीची खुर्ची घेऊन. बाजूला बसून म्हणाले, "तू कर. मी बघतो."

"अहो काका, डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंय."

"अगं, हे हवेत पोळ्या लाटणं आहे. यांचं नाव मोठं, काम शून्य." मग त्यांनी मला फोनवर व्हिडिओ दाखवला. पांढऱ्या दाढीचा कुणी ताइ ची मास्टर आणि समोर एक साधा बॉक्सर. शिट्टी वाजली आणि मास्टर आडवा. "बघितलंस? सगळी सिनेमाची करामत."

मला वाद घालता येईना. आमच्या गावात कुंगफूचा सिनेमा लागला होता तेव्हा माझ्या भावाने हाताने कौल फोडायचा प्रयत्न केला. कौल शाबूत राहिलं, हात दीड महिना गळ्यात. तरी इथवर आलोय, डॉक्टरांनी सांगितलंय, तर कुणीतरी करावं म्हणून मी काकांच्या वाटणीचं करत राहिले. जणू माझ्या व्यायामाने त्यांचा तोल सुधारणार होता.

जुलैत एका सकाळी टीचर माझ्यासमोर उभ्या होत्या. एकमेकींच्या मनगटाला मनगट लावून हळूहळू ढकलायचं, असा तो प्रकार. मधेच माझ्या लक्षात आलं, आज गुरुपौर्णिमा! घरून फूलसुद्धा आणलं नव्हतं. मला इतकं अपराधी वाटलं की पुढचामागचा विचार न करता मी भसकन वाकले आणि त्यांच्या पायांकडे हात नेले.

त्यांचा पाय तिथे नव्हताच. माझ्या कोपराला काहीतरी हलकंसं लागलं, आणि मी गवतावर बसलेली. कुठे मार नाही, खरचटणं नाही. कुणीतरी खुर्चीत बसवावं तशी बसले होते.

टीचर घाबरून "सॉरी, सॉरी" करत वाकल्या. त्यांना वाटलं होतं, मी पाय ओढून त्यांना पाडतेय. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "टुडे टीचर डे. इंडिया. टच फीट." त्या इतक्या हसल्या की त्याही खाली बसल्या.

मागून आवाज आला, "एक मिनिट. हे परत करा."

काका खुर्ची सोडून उभे होते.

टीचरनी त्यांना मनगट दिलं. काकांनी बाईमाणूस म्हणून आधी बोटांनीच ढकललं. मग तळव्याने. मग चांगला जोर लावला, आणि तेच दोन पावलं पुढे झोकांडले. टीचरनी दंड धरून सावरलं.

"तरीपण बॉक्सरसमोर हे चालणार नाही," काका इंग्रजीत म्हणाले.

"अजिबात नाही," टीचर म्हणाल्या. "बॉक्सर मला मारून टाकेल. तुम्हाला शेवटचं कुणी पाडलं?"

काका म्हणाले, "गराजने. त्याआधी बाथरूमने."

"मग त्यांच्यासाठी शिका."

त्या दिवसापासून काका रांगेत. घरी कागदावर पायांच्या आकृत्या काढून वजन कुठून कुठे जातं याचे बाण काढायचे आणि मला समजावायचे. मला बाण कळले नाहीत, पण गुडघा सैल सोडायचा हे कळलं. टीचर उभं राहायला शिकवायच्या तेवढंच पडायलाही. गादीवर बसावं तसं खाली जायचं, हात टेकायचा नाही.

ऑक्टोबरमध्ये घरापुढच्या ड्राइव्हवेवर ओल्या पानांवरून काकांचा पाय सरकला. मी किंचाळले. वळून बघते तो काका पानांत बसलेले, चष्मा जागच्या जागी. "ओरडतेस काय? लागलं नाही," म्हणाले आणि उठले. मुलीला सांगू नकोस, असं ते म्हणाले नाहीत. सांगू का, हे मीही विचारलं नाही.

थँक्सगिव्हिंगला मुलगी आली. काकांना जिना चढताना पाहिलं, उतरताना पाहिलं. मग मला म्हणाली, "मावशी, खरं सांगा हं. मधे पडले का?"

नाही म्हटलं असतं तर चाललं असतं. पण एवढ्या लांबून ती माझ्या भरवशावर त्यांना सोडून राहते.

"एकदा," मी म्हटलं. "पानांवरून."

"फितूर!" काका ओरडले.

"बाबा! मग आपलं काय ठरलं होतं?"

"पडलो कसा ते तर बघ." आणि मी पुढे व्हायच्या आत काका दिवाणखान्याच्या मधोमध खाली गेले. गुडघे, कंबर, पाठ, आवाज नाही. क्षणभर छताकडे बघत राहिले. मग कुशीवर वळले, एक पाय रोवला आणि कशालाही न धरता उभे राहिले. धापा टाकत होते, पण उभे.

मुलीचे डोळे भरले होते. तिने शूज काढले. "मला दाखवा," म्हणाली, आणि धपकन आपटली.

"कंबर सोड ना, कंबर!" काका म्हणाले. "मावशीकडून शीक जरा."

ती कार्पेटवर बसूनच कोपर चोळत राहिली. "घराचं पुढच्या वर्षी बोलू," म्हणाली, "आता परत एकदा, स्लो."