त्याने मला पुढे बसवलं

पवनारचा पूल जवळ आला आणि ड्रायव्हरचे डोळे मिटले. भर दुपार होती. मागे माझी मुलगी बाळंतपणात अडली होती, जावई तिला धरून होता, आणि आमची अँब्युलन्स कठड्याकडे चालली होती. मी ड्रायव्हरच्या दंडाला कचकून चिमटा घेतला. त्याने गाडी सरळ केली.

“म्हणूनच तुमाले पुढं बसवलं, मावशी,” तो म्हणाला. “मी गप झालो का असाच चिमटा घेजा.”

“मी पोरीची माय आहो का तुयी चौकीदार?”

तो हसला. प्रत्येक फेरीला एक नातेवाईक तो असा पुढे बसवायचा. दुसरा ड्रायव्हर नव्हता, म्हणून हा तीन दिवस घरी गेला नव्हता.

“घरी तरी कुठं झोप येते? आडवा झालो का मागच्या पेशंटचं कण्हणं ऐकू येते. इथं कोणी जवळ बसून गोड बोललं, का डोळा लागते.”

मग सेवाग्रामच्या दवाखान्यापर्यंत मी त्याला शिव्याच दिल्या.

मुलीला आत नेलं, जावई तिच्याजवळ थांबला. बाहेर येऊन पाहते, तर हा स्टिअरिंग धरून टक्क जागा बसलेला. मी त्याला मागच्या स्ट्रेचरवर निजवलं आणि शेजारी बसून आमच्या म्हशीची कथा सांगायला लागले. तिच्या दुसऱ्या वेतापर्यंत आले तेव्हा तो घोरत होता. दोन तास मी कोणाला गाडीच्या दाराला हात लावू दिला नाही.

नाव विचारायचं राहिलं. पुढच्या वर्षी तो तीच गाडी चालवताना दिसला. मुलगी जगली, नातू जगला आणि तोही जगला.