रानमाळ्याचा पळस

आमच्या शेजारच्या रानमाळ्याला काहीही सांगा, तो आधी एकच विचारायचा, "कायच्यावरून?" आज ऊन फार आहे म्हटलं तरी कायच्यावरून, पाडवा चार दिवसांवर आला म्हटलं तरी कायच्यावरून. अमरावतीत बिऱ्हाड केलं त्या पहिल्याच दिवशी मी कुंपणापाशी जाऊन सांगितलं, "बुवा, आमी नवे शेजारी. मी अकोल्याची, जुन्या शहरातली. मालक बडनेऱ्याले रेल्वेत हायेत." त्यावर त्यानं मला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "कायच्यावरून?" लग्नाला सहा महिने झालेली बाई मी, नवरा रेल्वेत असल्याचा पुरावा कुठून आणणार? हा माणूस सरळ नाही, हे मी तिथेच ठरवून टाकलं. पण खरं सांगायचं तर मीही काही सरळ नव्हते. दुधात पाणी आणि गोड बोलण्यात काम, हे मला लहानपणापासून सगळीकडे दिसत आलेलं. तेव्हा तो माझ्यावर नजर ठेवी आणि मी त्याच्यावर. अशा रीतीनं आमचा शेजार सुरू झाला.

रानमाळी हे नाव लोकांनी चेष्टेनं ठेवलेलं. आजूबाजूचे माळी मोगरा, शेवंती, झेंडू लावून बाजारात धाडत. हा पोटापुरता मोगरा लावायचा आणि उरलेल्या वावरात पोहऱ्याच्या जंगलातून आणलेली झाडं. माघ सरता सरता त्याच्या त्या रानबागेला जी कळा यायची ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. काटेसावरीला पान नसायचं, पण लालभडक फुलं असायची. पांगारा फुलला की साळुंक्यांची भांडणं आमच्या ओसरीपर्यंत ऐकू येत. धायटीची झुडपं विटकरी रंगानं भरून जात. आणि चैत्रात एके दिवशी उघड्या जमिनीतून, ना पान ना देठ, नुसता भुईचाफा वर यायचा. लोक म्हणत, जे रानात फुकट मिळतं ते कुंपणात कशाला? तो म्हणायचा, "रानातलं कोनाचंई असते. अन् जे कोनाचंई असते, थे पह्यले तुटते."

झाडांना तो खत घालत नसे. मुरूम आणि पोत्यात भरून आणलेला पालापाचोळा, एवढंच. "खत देल्लं का रानातलं झाड माजते, अन् फुलाले इसरते," असं त्याचं म्हणणं. कुंपण सागरगोटीचं, काट्यांवर काटे, आणि फाटकाला हे एवढं कुलूप. बी किंवा कंद तर कुणाला द्यायचा नाहीच. एकदा कुणा गोऱ्या साहेबाची मड्डम टांग्यातून आली आणि भुईचाफ्याचा कंद मागू लागली. साहेबाच्या राज्यात नाही म्हणायची सोय नव्हती. बुवानं लवून मुजरा केला आणि फडक्यात बांधून कंद दिले. ती गेल्यावर मी कुंपणावरून विचारलं, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "हळद देल्ली. कामी येईन तिच्या."

म्हणूनच मी मागितल्यावर त्यानं धायटीचं बी लगेच काढून दिलं, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. मी ते नीट वाफा करून, बोटभर खोल पुरलं. महिना झाला, दोन झाले, एक कोंब दिसेल तर शपथ. बी भाजून दिलं असणार, याबद्दल मला शंकाच उरली नाही. मी वर्षभर त्याच्याशी बोलले नाही, आणि मी का बोलत नाही हे त्यानंही विचारलं नाही.

पण त्याच्याबद्दल खरा संशय सगळ्या आळीला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. बागेच्या मधोमध एक उंच पळस होता. दरवर्षी होळीच्या आधी, कळ्या अजून काळ्या मखमलीसारख्या मिटलेल्या असतानाच, बुवा फाटकाला आतून कुलूप घालायचा आणि लांब वेळू घेऊन सगळ्या कळ्या झोडून काढायचा. एक ठेवायचा नाही. मग त्या गोळा करून खड्ड्यात पुरायचा. फुलं वाढवणाराच कळ्या मारतो, हे कोणाला पटणार? कुणी म्हणे करणी करतो, कुणी म्हणे झाडाखाली काहीतरी पुरलंय. मी सागरगोटीच्या फटीतून तीन फाल्गुन पाहिलं. तिसऱ्या वर्षी पदर काट्यात अडकला आणि पकडले गेले.

"काय पाहून राहिल्या बाई?"

"काई नाई. कोंबडी आली का तिकडे?"

"तुमच्याकडे कोंबडीच नाई," तो म्हणाला आणि पुन्हा झोडू लागला. पदर माझा मलाच सोडवून घ्यावा लागला.

पुढच्या माघात त्याचा उजवा खांदा धरला. वेळू छातीच्या वर जाईना. तेव्हा त्यानं स्वतः फाटक उघडलं आणि मला आत बोलावलं. मी त्या फाटकातून आत गेले ती त्या दिवशी पहिल्यांदा.

पळसाच्या बुंध्याशी बसून त्यानं सांगितलं. रिद्धपूरच्या बाजूला त्याचं गाव. त्याच्या बापाच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक पांढरा पळस होता. केशरी नव्हे, दुधासारखा पांढरा. पांढऱ्या पळसानं गुप्तधन दिसतं, असं आमच्याकडे मानतात. बापानं घरात सगळ्यांना कुठे बोलायचं नाही अशी ताकीद दिली होती. पण ऐन जवानीत बुवानं भर बाजारात फुशारकी मारली, आमच्या धुऱ्यावर पांढरा पळस हाय म्हणून. मग कुणी सालीसाठी आलं, कुणी मुळीसाठी, कुणी नुसतंच खणायला. वैशाखात बुवा धुऱ्यावर गेला तेव्हा झाड आडवं पडलं होतं. फांदीला चपट्या शेंगा तेवढ्या वाळत होत्या. त्यातली एक त्यानं उचलली.

"हा त्याचा पोरगा," त्यानं पळसाच्या बुंध्यावर हात ठेवला. "फुलला का लोक पाह्यतीन. पाह्यलं का कापतीन."

"मले कायले सांगता बुवा? मी सांगतलं कोनाले तं?"

"तुमी कोनावर भरोसा ठेवत नाई. जो भरोसा ठेवत नाई, थो कोनाजवळ बोलतई नाई." मग म्हणाला, "धायटीचं बी खरं होतं. बोटभर खाली पुरलं असन तुमी. थे वरून भुरभुरा लागते."

मला इतकी शरम वाटली की मी मुकाट्यानं वेळू उचलला. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी कळ्या मी झोडल्या. घरातसुद्धा बोलले नाही. आमच्या ह्यांनी हाताला घट्टे कशाचे म्हणून विचारलं, तर मुसळाचे म्हणून सांगितलं. झोडताना जीव तुटायचा. एकदा एक कळी नखानं उकलायला गेले, तर बुवानं हात धरला.

"बुवा, तुमी तरी एकखेप पाह्यलं का, कसं फुलते थे?"

"नाई."

"एक फूलई नाई? आपल्या एकट्यासाठी?"

"पाह्यलं असतं तं तोंडातून निघालं असतं," तो म्हणाला. "माह्या तोंडाचा मलेच भरोसा नाई."

मी पुष्कळ संशयी माणसं पाहिली आहेत, पण आरशातल्या माणसावरसुद्धा पाळत ठेवणारा हा एकच. त्याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

तिसऱ्या वर्षी पौषात तो बागेतच पडला. कंबर गेली. त्याची मुलगी अकोल्यात, मोर्णा नदीच्या पलीकडे दिलेली. ती येऊन त्याला घेऊन गेली. जाताना त्यानं फाटकाची किल्ली माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाला, "फागुनात."

फाल्गुन आला. वेळू घेऊन झाडाखाली गेले. खोटं कशाला बोलू, मला पाहायचं होतं. मनाशी ठरवलं, पहिलं फूल उमलू द्यायचं, पांढरा रंग दिसला की त्याच क्षणी सगळं झोडून टाकायचं. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ मान दुखेपर्यंत वर पाहिलं. नवव्या दिवशी पहिलं फूल उघडलं.

ते केशरी होतं. बडनेऱ्याच्या रस्त्यानं शेकड्यांनी दिसतात तसंच, वाकड्या चोचीचं, भडक केशरी. दुसरं केशरी, तिसरं केशरी. चार दिवसांत आख्खं झाड पेटलं आणि त्यात पांढरा एक ठिपका नव्हता. मला संताप आला, झाडाचा, बुवाचा आणि माझाही. पांढऱ्याच्या बियातून पांढराच येईल, हे त्याला सांगितलं होतं कोणी? जगाला कायच्यावरून विचारणाऱ्या या माणसानं ते स्वतःला मात्र एकदाही विचारलं नव्हतं. आणि त्यापायी, ज्याला हात लावायला कुणी आलं नसतं असं साधं झाड त्यानं उभ्या जन्मात फुलू दिलं नाही. मी बुंध्याशी बसून रडले. मग फाटक सताड उघडलं. आळीतल्या बायकांनी धुळवडीच्या रंगासाठी टोपल्या भरभरून फुलं नेली. मीही पदरात वेचली, पदर केशरी झाला.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी अकोल्याला गेले. गाडीत सगळं घोकत होते. बुवा, आता घोर सोडा, झाडाला कुणी हात लावत नाही. पण खाटेवरचा तो मूठभर जीव पाहिला आणि लक्षात आलं, हे सांगणं म्हणजे धुऱ्यावरचा तो पळस आता कायमचा गेला, असं सांगणं. तो पुढे महिनाभरच जगला.

"झोडल्या?" त्यानं विचारलं.

"झोडल्या. एक नाई ठेवली."

मी त्याच्या 'कायच्यावरून'ची वाट पाहत होते. उत्तरंही तयार ठेवली होती. पाणी द्यायला वाकले तेव्हा पदर त्याच्या हाताशी पडला. मोतीबिंदूनं डोळे गढुळलेले. त्यानं तो पदर चाचपला, अगदी डोळ्यापाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"पदराले रंग लागला बाई तुमच्या."

"धुळवडीचा असन."

"असन," तो म्हणाला. पदर त्यानं हळूच माझ्या मांडीवर ठेवला. "चांगला रंग हाय."

'कायच्यावरून' त्यानं विचारलंच नाही.