सत्काराच्या शालीची चार फुलं

तर, गोष्ट कात्रीपासूनच सुरू करू. खातूनबी सिद्दी तालुक्याच्या सभागृहात शिरली तेव्हा कात्री नेहमीसारखी कमरेला खोचलेली होती. यल्लापूरच्या रानातल्या शाळेत अकरा वर्षं ती हंगामी कलाशिक्षिका. नोकरी कायम झाल्याचा कागद त्या दिवशी मंचावर मिळायचा होता, तोही सत्कारासकट.

सत्कार कशाचा, तर आठवीच्या पोरींकडून शिवून घेतलेल्या गोधडीचा. बापांचे शर्ट, आज्यांची लुगडी, सगळं कडेकडेनं शिवत मध्यावर आणलेलं. कुणी आधी नक्षी काढायला वही उघडली की खातूनबी म्हणे, "ठेव ती. कुठं बसायचं ते ठिगळच सांगतं." पोरी शपथेवर सांगतात, ठिगळ खरंच सांगायचं.

ती गोधडी भिंतीवर चौकटीत ताणून बसवलेली. चौकट दोन बोटं तोकडी पडली, म्हणून सुतारानं चारी कोपऱ्यांना शिवलेली कापडी घड्यांची फुलं सफाईनं कापून टाकली होती.

खातूनबी म्हणाली, "साहेब, ही उतरवा."

शिक्षणखात्याचे साहेब म्हणाले, "का हो? पहिलं बक्षीस आहे हिला."

"नागडी आहे."

साहेबांनी गोधडी वरपासून खालपर्यंत न्याहाळली. मागं उभ्या पोरींनी माना खाली घातल्या होत्या. कोपऱ्यांच्या फुलांविना गोधडी आम्हा सिद्दी लोकांत नागडी मानतात; ती पाहुण्याला पांघरायला देत नाहीत, तिच्याकडे बघत राहणं तर लांबच.

"टीचर, उतरवली तर बक्षीस गेलं," साहेब हळूच म्हणाले. "बक्षीस गेलं की सत्कार गेला, नि कागदही. अकरा वर्षं काढलीत, आता तासभर काढा."

खातूनबी मंचावर गेली. पाहुण्यांनी शाल पांघरली. कागदाचं पाकीट पुढं करणार, तोच ती खाली उतरली, शाल काढली, कात्री काढली. चार तुकडे, चार घड्या. पदराला टोचलेल्या सुईत दोरा असायचाच. भिंतीपाशी उभ्यानंच तिनं गोधडीच्या चारी कोपऱ्यांना फुलं शिवली. पंचवीस मिनिटं लागली. तोवर पाहुणे पाकीट धरून उभे. बसावं का, हे कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं.

शेवटचा दोरा तिनं दातानं तोडला, तशा पोरींनी माना वर केल्या.

साहेब जवळ आले. "टीचर, तो तुमचा मान होता. मानाचीच चिंधी केलीत. आता कागद तरी कुठल्या तोंडानं द्यायचा आम्ही?"

खातूनबीनं सुई पदराला टोचली.

"साहेब, पोरींची गोधडी उघडी टाकून मी एकटी शाल पांघरून बसले असते, तर तसली टीचर कायम ठेवून तुम्ही केलं काय असतं?"