तोंडानं केलेली माफी

ज्या माणसानं माझ्या नवऱ्याची दारू सोडवली, त्याच माणसाच्या ट्रॅक्टरखाली माझी मुलगी गेली. या दोन गोष्टी एका दमात सांगणं मला बराच काळ जमत नव्हतं. आता जमतं.

आमचं गाव दवनीवाड्याच्या बाजूला, शेती धानाची. नवरा मोहाची प्यायचा. मारायचा नाही, पण पिऊन कुठंही पडायचा आणि त्याला उचलून आणायला मी नि मुलगी जायचो. गावातला एक ट्रॅक्टरवाला ख्रिस्ताच्या मार्गाला लागला होता. तो रोज संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसू लागला. उपदेश करत नसे. नवऱ्याबरोबर चहा प्यायचा आणि दारूची वेळ टळून जाईपर्यंत पाण्यापावसाच्या, बैलांच्या गप्पा मारत राहायचा. एका रविवारी तो नवऱ्याला प्रार्थनेच्या सभेला घेऊन गेला. सभा त्याच्याच घरी, मोठ्या खोलीत भरायची. चटया आणि एक ढोलक, बस्स. त्या हिवाळ्यात नवऱ्यानं दारू सोडली ती सोडलीच. मग मीही जाऊ लागले. माझ्या भावानं माझ्याशी बोलणं टाकलं. वाईट वाटलं, पण जे शब्द माझ्या माणसाला रस्त्यावरून उठवून उभं करतात ते खोटे कसे असतील, असं मी म्हणायचे.

मुलगी बारावी झाली होती. धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, आटोपून आम्ही दोघी शेतावरून परतत होतो. ती पुढं, मी मागं, रस्त्याच्या कडेनं. समोरून पोती भरलेली ट्रॉली आली. तोच चालवत होता. डावा हात कानाला, हातात मोबाईल, आणि कुणाशी तरी बोलताना तो हसत होता. एवढं मी पाहिलं. पुढचं मी लिहिणार नाही.

पोलिसांनी विचारलं, तेव्हा मी हेच सांगितलं.

माती झाल्यावरच्या रविवारी आमच्या सभेचे पास्टर गोंदियाहून आले. त्यांचं बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. सभेत त्यांनी त्याला माझ्यासमोर उभं केलं. त्याची दाढी वाढलेली होती. त्याच्याकडं बघून मला कीव आली नाही. हा जिवंत आहे, एवढंच मनात आलं.

पास्टर म्हणाले, "बहन, प्रभू की आज्ञा है. सात बार नहीं, सात बार के सत्तर गुने तक माफ करना है. माफ कर दो."

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. नवरासुद्धा. तो माणूस "वैनी" म्हणाला आणि त्यानं हात जोडले.

मी म्हटलं, "माफ केलं."

टाळ्या वाजल्या. कुणी तरी ढोलक घेतला आणि गाणं सुरू झालं. मुलीच्या अंगावरची माती अजून ओली होती.

घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "माह्या तोंडातून निघालं. आतून काईच नाई निघालं."

"निघंन. हळूहळू निघंन," तो म्हणाला. मग चपला न काढता दारातच बसला. "मले भेव वाट्टे. त्याच्यावर राग धरला तं मी उद्या पुन्हा दारूच्या दारात उभा राहीन. त्यानंच मले तिथून काढलं ना."

त्याची पोरगी गेली होती आणि त्याला राग धरायचीही सोय नव्हती.

नंतर पास्टर जिथं जातील तिथं आमची गोष्ट सांगू लागले. सालेकशाच्या सभेत सांगितली. आणखी कुठं कुठं सांगितली. ओळख नसलेल्या बाया माझे हात धरून रडायच्या, "किती मोठं मन तुमचं!" म्हणायच्या. माझ्या मनाची मोठी गोष्ट झाली होती, फक्त मन तिच्यात नव्हतं.

कोर्टाची तारीख जवळ आली तेव्हा पास्टर घरी आले. चहा झाला. मग म्हणाले, "बहन, कोर्टात सांगा, मैंने कुछ नहीं देखा."

"पण मी पायलं ना."

"तुम्ही माफ केलंय. मग साक्ष कशाला?"

"प्रभूनंच सांगतलं ना, होय ते होय म्हना, नाई ते नाई म्हना. मंग मी काय म्हनू?"

त्यांनी कप खाली ठेवला. "बहस मत करो, बहन. प्रेम सगळ्यात मोठं असतं."

प्रभूचं वचन त्यांच्या तोंडून आलं की आज्ञा, माझ्या तोंडून आलं की बहस. नवरा जमिनीकडं बघत बसला होता.

कोर्टात मी पाहिलं ते सांगितलं. त्याच्या वकिलानं विचारलं, "भर सभेत तुम्ही याला माफ केलं होतं, हे खरं ना?"

"खरं."

"म्हणजे त्याची चूक नव्हती, हे तुम्ही मान्य केलं होतं."

"चूक नसती तं माफ कायले केलं असतं साहेब?"

मागं कुणी तरी हसलं. मला हसण्यासारखं काही वाटलं नाही. पोरगी एकदम रस्त्याच्या मधे आली, असं वकिलानं मांडलं. माझ्याशिवाय पाहणारं दुसरं कुणी नव्हतं आणि मी तर आईच. तो सुटला.

पुढच्या रविवारी तो सुटला म्हणून सभेत उपकारस्तुती झाली, देवाचे आभार मानले. मी गेले नव्हते. नवरा गेला होता. आल्यावर त्यानं सांगितलं, माझ्यासाठीही प्रार्थना केली म्हणे, माझं कठीण मन मऊ व्हावं म्हणून. ज्याच्या हातून माझी मुलगी गेली त्याच्यासाठी माफी होती. मी खरं बोलले, माझ्यासाठी नव्हती. बाया रस्त्यात भेटल्या की पदर सावरून बाजूनं जाऊ लागल्या. भाऊ मात्र इतक्या वर्षांनी घरी आला.

"आता तरी समजलं का? सोड थे सारं. कायले जातं तिकडं?"

"मी जातच नाई आता."

"मंग वापस ये."

मी त्याला जेवायला वाढलं, पण हो म्हटलं नाही. त्याला वाटलं, मला सभेवाल्यांची भीती आहे. भीती नव्हती. शब्द खोटे असते तर सोडून देणं सोपं होतं. पण नवरा अजून पीत नाही. ते शब्द एकदा माझ्या घरात खरे झाले होते, आणि त्याच शब्दांनी मला माझ्याच मुलीच्या मरणावर टाळ्या ऐकायला लावल्या.

छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, असंही प्रभूनं सांगितलंय. ते मी पाळते. रोज सकाळी चूल पेटवण्याआधी डोळे मिटून त्या माणसाचं नाव घेते. त्याच्यासाठी काय मागायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. नाव घेते आणि उठते.